एका पत्त्याला एकदाच

ऑफिसात त्याला निवांतराव म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे, कारण ते खरंच होतं. वेबसाइटी आणि ईमेल सांभाळणाऱ्या त्या लहानशा कंपनीत तो एकोणीस वर्षं एकाच खिडकीशी बसत होता. कुणाची वेबसाइट बंद पडली, कुणाची मेल पोचेनाशी झाली, की माणसं फोन करून आकाशपाताळ एक करत. तो सगळं ऐकून घेई आणि म्हणे, "बघतो हं." त्या दोन शब्दांत काय होतं कोण जाणे, निम्मी माणसं दुरुस्तीच्या आधीच गार पडत. समोरच्या टेबलावरचा मिशीवाला म्हणायचा, कंपनीने याचा आवाज टेप करून ठेवावा आणि याला घरी पाठवावं. घरी पाठवलं असतं तरी त्याची ना नव्हती. घर त्याला आवडायचं. घरात बायको होती, कॉलेजात जाणारी लेक होती, आणि गेली सहा वर्षं रोज चारच्या ठोक्याला येऊन खिडकीतल्या खुर्चीत बसणारी थोरली बहीण होती, ताई. सहा वाजता तो दार उघडे तेव्हा तिघींचं काही ना काही चाललेलं असे, आणि त्याच्या येण्याने ते थांबत नसे. माणसाला यापेक्षा आणखी काय लागतं, असं त्याला बूट काढताना रोज वाटायचं.

त्या मंगळवारी सकाळी मात्र फोन काही थांबेनात. शनिवार-रविवारी कंपनीने सगळं बिऱ्हाड जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवलं होतं, आणि बिऱ्हाड हलवलं की माळ्यावरचं, दहा वर्षांत कुणी न पाहिलेलं सामान बैठकीच्या मधोमध येऊन पडतं, तसं झालं होतं. 'मी सुट्टीवर आहे, सोमवारी भेटू' अशी जी आपोआप जाणारी उत्तरं असतात, ऑफिसात ज्यांना ऑटोरिस्पॉन्डर म्हणत, त्यांच्या यादीत गिऱ्हाइकांना भलतीच नावं दिसायला लागली होती. आपला पत्ता, त्याखाली पुन्हा तोच पत्ता, आणि दुसऱ्याला 'लॉग' अशी शेपटी. "आमच्यात कुणी घुसलंय का हो?" एका दातांच्या डॉक्टरांनी घाबरून विचारलं. विभागाच्या मॅडमनी दहा मिनिटांत छडा लावला. या फाइली आधीपासून होत्याच. जुना पॅनेल, म्हणजे खाती चालवायचा तो पडदा, त्या झाकून ठेवायचा, नव्याला तेवढी रीतभात नव्हती, फोल्डरमध्ये असेल ते सगळं तो दाखवायचा. "नोंदी आहेत नुसत्या," मॅडम म्हणाल्या. "कुणाला उत्तर गेलं, कधी गेलं. एकेकाचं खातं उघडा, उत्तर चालू असेल तर राहू द्या, लॉग तेवढा उडवा. आज संपवायचं." मिशीवाल्याने शंका काढली. ऑटोरिस्पॉन्डर एका पत्त्याला एकदाच उत्तर देतो, दुसऱ्यांदा लिहिलं की गप्प बसतो, आणि कुणाला सांगून झालंय ते त्याला या लॉगवरूनच कळतं. लॉग उडवला तर तो सगळं विसरून जाईल आणि त्याच माणसांना पुन्हा सांगत सुटेल. "सुटू दे," मॅडम म्हणाल्या. "सुट्टीवर असलेले अजून सुट्टीवरच आहेत ना?"

असलं एकसुरी काम त्याला मनापासून आवडे. लसूण सोलावा तसं ते काम होतं, हात चालू राहायचे आणि डोकं मोकळं. खातं उघडायचं, लॉगवर एक नजर टाकायची, उडवायचा. बहुतेक लॉग चार-पाच ओळींचे असत. रंगाच्या दुकानदाराने दोन वर्षांपूर्वी आठ दिवस सुट्टी घेतली होती, त्यात त्याला तीन जणांनी लिहिलं होतं. एका वकिलीणबाईंना बाळंतपणाच्या रजेत चाळीस जणांनी गाठलं होतं. कुणाची किती माणसं आठवण काढतात हे बघत बघत त्याने साडेअकरापर्यंत तीसेक खाती हातावेगळी केली, चहा घेतला, पुढचं खातं उघडलं आणि थांबला. ते ताईचं होतं. त्यानेच कधीकाळी कर्मचाऱ्यांच्या सवलतीत उघडून दिलेलं. आणि तिच्या पत्त्याखालच्या 'लॉग'वर त्याने बोट टेकवलं तेव्हा पडदा भरून गेला आणि खाली सरकतच राहिला.

ताई बूट करायची. दुकानात ओळीने मांडलेले असतात ते नव्हेत. ज्यांना ते बूट होत नाहीत त्यांचे. एक पाय आखूड असलेल्यांचे, बोटं वाकलेल्यांचे, पावलं सुजून पाव झालेल्यांचे. ऐन विशीत ती एका रुग्णालयाच्या कार्यशाळेत हे काम शिकली आणि नंतर स्वतःची खोली घेऊन बसली. भिंतीवर पावलांच्या आकाराचे लाकडी फर्मे, प्रत्येक पायाचा वेगळा, तळव्यावर पेन्सिलीने त्या माणसाचं नाव. फोनवर ती काम घेत नसे. "पायाबद्दल माणूस तोंडाने खोटं बोलतं रे, छोट्या," ती म्हणायची. "लाजतं. लिहायला बसलं की खरं लिहितं." म्हणून तिच्या वेबसाइटवर फोन नंबर नव्हता. फक्त पत्ता होता आणि 'सविस्तर लिहा' एवढं वाक्य. माणसं खरंच सविस्तर लिहीत. ती पत्रं तिच्या फोनवर जाऊन पडत आणि ती रात्री जेवताना ती वाचायची, कादंबरी वाचावी तशी.

मग तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने वाकायचं नाही, आरी धरायची नाही, कामाचा विचारसुद्धा नको. विचार नको म्हटल्यावर पत्रं तिला दिसायलाच नकोत, म्हणून त्यानेच तिची पत्रं फोनवर पाठवणं बंद केलं आणि ऑटोरिस्पॉन्डर लावून दिला. मजकूरही त्यानेच लिहिला होता. तो आता पडद्यावर जसाच्या तसा होता: 'नमस्कार. तब्येतीमुळे सध्या मी काम घेऊ शकत नाही. बरी झाले की स्वतः कळवीन. तोवर पायांची काळजी घ्या.' पायांची काळजी घ्या हे वाक्य सुचलं तेव्हा तो स्वतःवर खूश झाला होता, बायकोला वाचून दाखवलं होतं. त्या पत्त्याला पत्रं साठवायची पेटीच नव्हती. पत्र यायचं, उत्तर जायचं, पत्र नाहीसं व्हायचं. तीन महिन्यांसाठी ते ठीकच होतं. त्याने शेवटच्या ओळीची तारीख पाहिली. गेल्या गुरुवारची होती.

एकशे एकेचाळीस ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, पत्ता, आणि त्या माणसाने पत्राला दिलेला विषय. पत्रं गेली होती, विषय राहिले होते. 'डावा पाय पाऊण इंच आखूड.' 'आईच्या सुजलेल्या पायांसाठी.' 'मुलाला पळायचंय.' 'फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंनी आपला पत्ता दिला.' एकाने नुसतंच 'घाई आहे' लिहिलं होतं, तीन वर्षांपूर्वीच्या एका जानेवारीत. एकीने लिहिलं होतं, 'आधी लिहिलं होतं, हा नवऱ्याचा पत्ता', आणि ते वाचून तो खुर्चीत मागे सरकला, कारण त्याला कळलं की दुसऱ्यांदा लिहिणाऱ्यांची इथे नोंदच नाही. त्यांना उत्तरही गेलं नसणार. बाईने डोकं चालवून दुसऱ्या पत्त्यावरून दार वाजवलं होतं आणि आतून पुन्हा तेच आलं होतं, पायांची काळजी घ्या.

आणि ताई? ताई तीन महिन्यांनी कामाला लागली होती. जुनी माणसं आपापल्या पायांनी तिच्या दारात येत, त्यांचं ती करायची. नवीन कुणी येईना. वर्षभरात तिने त्याची संगती लावून टाकली. "आता सगळं तयार मिळतं," ती म्हणाली. "जग पुढं जातं, आपण का रडायचं?" आधी ती आठवड्यातून सहा दिवस उघडायची, मग चार, मग सकाळचीच. चार वाजता ती मोकळी होऊन यांच्या घरी येत राहिली ती अशी. आता या शनिवारी ती खोली सोडणार होती. फर्मे एका प्रशिक्षण केंद्राला द्यायचं ठरलं होतं, खोलीच्या मालकाला किल्लीचा दिवसही सांगून झाला होता. हे सगळं तिने गेल्या रविवारी हसत हसत सांगितलं, आणि त्याने तेव्हा काय म्हटलं होतं? बरं झालं ताई, दगदग संपली. असं म्हटलं होतं.

'उडवा'चं बटन लॉगच्या उजव्या हाताला होतं. मॅडमचा हुकूम होताच. उडवायचा, ऑटोरिस्पॉन्डर बंद करायचा, पत्रं पूर्ववत तिच्या फोनवर पाठवायची, आणि महिन्याभरात दोन-चार नवीन माणसं आली की ताई म्हणाली असती, बघ, जगाला अजून बुटांची गरज आहे. कुणाला पत्ता लागला नसता. खोली मात्र गेलेली असती. आणि ते एकशे एकेचाळीस? त्याने बोट बाजूला घेतलं, मिशीवाल्याला "जरा येतो" म्हणून सांगितलं आणि खाली रस्त्यावर आला. जेवणाची वेळ होती, फुटपाथ माणसांनी भरला होता. त्याने आयुष्यात कधी पाहिले नव्हते इतके पाय त्या अर्ध्या तासात पाहिले. बँकेतून बाहेर पडणारा एक माणूस उजवा पाय जरा ओढत होता. फळवालीच्या चपलेची मागची पट्टी कापलेली होती, टाच बाहेर. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी धावता धावता दर चौथ्या पावलाला उडी मारत होती, खेळ म्हणून की आणखी कशासाठी ते कळेना. प्रत्येकाकडे पाहून त्याला वाटे, हाच का तो, हीच का ती, याने लिहिलं असेल का. एरवी याच रस्त्याने तो रोज किती मजेत जायचा. गुन्हा झाला हे त्याला पटत होतं, पण विसरण्याचा गुन्हा, आणि विसरणं ही काय माणसाची मुद्दाम केलेली गोष्ट असते? असं मनाशी घोळवत तो परत वर आला तेव्हा त्याला बरंच हलकं वाटत होतं.

वर आल्यावर त्याने लॉग अगदी सुरुवातीपासून वाचायला घेतला. पहिल्या तीन महिन्यांत अकरा ओळी होत्या, त्या रीतसर होत्या. त्यापुढे दोन. आणि त्यापुढे एक ओळ होती, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांची, विषय 'चाचणी'. पत्ता त्याचा स्वतःचा होता. ताई कामाला लागली त्याला तेव्हा एकोणीस दिवस झाले होते.

मग त्याला ती दुपार आठवली. आठवली म्हणणंही खोटंच, ती कुठे गेलेलीच नव्हती. ताईने विचारलं होतं, "नवीन कुणाचं पत्र येत नाहीये रे, तुझ्या त्या मशीनचं काही झालं का?" आणि तो म्हणाला होता, "बघतो हं." ताईसुद्धा गार पडली होती, बाकीच्यांसारखीच. त्याने खरंच बघितलं होतं. ऑफिसात येऊन एक मेल टाकली, तर क्षणात उत्तर आलं, तब्येतीमुळे सध्या मी काम घेऊ शकत नाही. अरे, हे चालूच राहिलंय की, असं म्हणून त्याने पॅनेल उघडला होता. त्या वेळी लेक बारा वर्षांची होती आणि वर्षभर घरात कुणाशी धड बोलत नव्हती. शाळेत काहीतरी झालं होतं, काय ते तिने आजपर्यंत सांगितलेलं नाही. बायको नोकरीवर, हा ऑफिसात, पोर चार ते सहा दार लावून बसायची. ताई विश्रांतीच्या दिवसांत येऊन बसायला लागली, खोली उघडल्यावरही हाताला काम नाही म्हणून येत राहिली, आणि एका संध्याकाळी त्याने दार उघडलं तर आतून लेकीच्या हसण्याचा आवाज आला. तो जिन्यातच उभा राहिला होता, किल्ली हातात धरून. ते हसू ऐकल्याला आठवडाही झाला नव्हता, आणि पडद्यावर ते बटन होतं. बंद केलं असतं तर ताईला कामं आली असती आणि चारची ताई गेली असती. अजून महिनाभर राहू दे, असं त्याने मनाशी म्हटलं आणि पॅनेल मिटला. पुढच्या महिन्यात त्याने तो उघडला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नंतर कधीतरी त्याने या सगळ्याला 'आपण विसरलो' असं नाव दिलं असणार, आणि ते नाव इतकं अंगात मुरलं की तो खरंच सुखात राहिला. सहा वर्षं. बूट काढताना रोज.

त्याने ओळी कागदावर छापून घेतल्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मॅडमना सांगितलं की एक खातं राहिलंय, त्याला कुणी हात लावू नका.

ताईच्या खोलीचं दार उघडं होतं. ती जमिनीवर बसून फर्मे खोक्यांत भरत होती, एकेका जोडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून. खोलीत चामड्याचा आणि डिंकाचा वास होता. लहानपणापासून त्याला हा वास म्हणजे ताई असंच वाटत आलं होतं.

"आज इतक्या लवकर? ऑफिस बुडालं का?"

"ताई, खोली सोडू नकोस."

"का, तुला राहायला यायचंय? बायकोने हाकललं?"

त्याने कागद पुढे केले. तिने हात पुसले, चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिचे ओठ हलत होते.

"हे कुणाचे पाय?" तिने विचारलं.

"तुला लिहिलेल्या माणसांचे. सहा वर्षांतले."

त्याने सगळं सांगितलं. पत्रं कशी यायची, उत्तर कसं जायचं, पत्र कसं नाहीसं व्हायचं. ते उत्तर चालूच राहिलं, बंद झालं नाही. ऐकता ऐकता तिने एक फर्मा उचलून मांडीवर घेतला आणि त्याच्या टाचेवरून अंगठा फिरवत राहिली. बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

"मला वाटलं, माझे बूट बिघडले," ती म्हणाली. "ऑपरेशननंतर बोटांत पहिल्यासारखी ताकद नव्हती. टाके जरा सैल पडायचे. मला वाटलं, एकाने दुसऱ्याला सांगितलं असेल, आता हिच्याकडे जाऊ नका. तुम्हाला सांगायचे, जग पुढं गेलं. काहीतरी सांगावं लागतं ना."

हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. सगळ्या दुपारभर त्याने खोलीचा विचार केला, त्या माणसांचा केला, स्वतःचा तर पुष्कळच केला, पण ताई सहा वर्षं स्वतःच्या बोटांकडे संशयाने बघत असेल हे त्याला सुचलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांना धार लागली.

"रडू नकोस, चामड्यावर डाग पडतो," ती म्हणाली. मग जरा हसली. "विसरलास ना? विसरतो माणूस. मी एकदा एका हेडमास्तरांना दोन्ही बूट डाव्या पायाचे करून दिले होते. ते बिचारे घालून घरी गेले."

सुटकेचं ते दार तिने स्वतःच उघडून दिलं होतं. त्यातून नुसतं बाहेर पडायचं होतं. हसायचं, डोळे पुसायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा. त्याला ते फार हवंसं वाटलं.

"विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

त्याने पहिल्या पानावर 'चाचणी'वर बोट ठेवलं. तिने तारीख पाहिली, बोटांवर मोजलं. "मी कामाला लागले होते तेव्हा."

"हो. तू विचारलं होतंस. मी बघितलं होतं."

"मग?"

"पोरगी हसायला लागली होती ताई. तू येत होतीस म्हणून."

ती उठली. एवढ्या वर्षांत तिला असं झटकन उठताना त्याने पाहिलं नव्हतं, मणक्याला सांभाळून ती नेहमी टेबलाला धरून उठायची. खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. "म्हणजे माझ्याच दारात उभा राहून तू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतास, ताई घरी नाही."

"हो."

"आणि मी आत बसले होते."

"हो."

"मला विचारायचंस ना! पोरगी बोलत नाही, रोज येत जा, एवढंच म्हणायचंस. मी चारला दुकान बंद केलं असतं." ती वळली. चेहरा लाल झाला होता. "केलं असतं की नाही, ते आता मलासुद्धा सांगता यायचं नाही. तेवढी संधी तू ठेवली नाहीस."

बघतो हं असंही म्हणता येईना. तो खाली बसून राहिला, फर्म्यांच्या खोक्यांमध्ये. तिने मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावर वाटलं. ताईने फोन उचलला, खोलीच्या मालकाला लावला आणि म्हणाली, "शनिवारी किल्ली देत नाही. हो, विचार बदलला. नाही, कुणी आजारी नाही." मग फोन ठेवून त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तो तुझा डबा उघड. ते आधी बंद कर. नको, थांब. कुठे दाबायचं ते मला दाखव." त्याने लॅपटॉपवर पॅनेल उघडून बटन दाखवलं. तिने चष्म्याच्या वरून पाहिलं आणि अंगठ्याने जोर लावून दाबलं. पत्रं पुन्हा तिच्या फोनवर पोचतील अशी सोय त्याने करून टाकली.

मग दोघं त्या माणसांना उत्तरं लिहायला बसले. ती सांगायची, तो लिहायचा. उलट्या क्रमाने घे, असं तिने बजावलं होतं. "आत्ता आत्ता लिहिलेल्यांचे पाय अजून अडलेले असतील. सहा वर्षांपूर्वीचे थांबले आहेत तर दोन दिवस आणखी थांबतील." सगळ्यांना एकच मजकूर पाठवू, दहा मिनिटांत होईल, असं तो म्हणाला तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने नवं पत्र उघडलं. प्रत्येकाला वेगळं लिहायचं. पाऊण इंचवाल्याला विचारायचं, कंबर दुखते का, जिना चढताना दुखते की उतरताना. पळायचं असलेल्या मुलाच्या बापाला विचारायचं, मुलगा आता केवढा झाला, पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने आखून पाठवा. दुसऱ्या दिवशी त्याने पूर्ण रजा घेतली. मॅडमनी विचारलं, ऑटोरिस्पॉन्डर लावलास का, तर तो नको म्हणाला. दुपारपर्यंत उत्तरं यायला लागली. घाई असलेल्याने लिहिलं की दुसरीकडून करून घेतले, बरे आहेत, तुम्ही बऱ्या झालात हे वाचून आनंद झाला. आईच्या पायांसाठी लिहिणाऱ्याची आई गेली होती. ते वाचल्यावर ताई उठून बाहेर गेली आणि बऱ्याच वेळाने आली. नवऱ्याच्या पत्त्यावरून लिहिणाऱ्या बाईने मात्र चार ओळींत तीन उद्गारचिन्हं घातली होती आणि मंगळवारी येते म्हणून कळवलं होतं. ताईने ते पत्र दोनदा वाचून घेतलं. मधूनच ती हातातली सुई आणि मेणदोरा घेऊन एका जुन्या बुटाचे टाके घालून बघायची, ओढून बघायची, पुन्हा घालायची.

चार वाजता लेक आली. घरी कुणी नाही म्हणून शोधत आली होती. आत्याने तिला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही, आणि ती बापाकडे इतका वेळ बघत राहिली की त्याने मान खाली घातली. मग ती एका खोक्यावर बसली आणि गुंडाळलेले फर्मे सोडवून भिंतीवर परत लावायला लागली, तळव्यावरची नावं मोठ्याने वाचत. तिघांनी काम केलं. त्याला लाज वाटत होती आणि त्याच वेळी, कसं ते त्याला सांगता आलं नसतं, त्या खोलीत तो सुखात होता. हे सुख मात्र जरा टोचत होतं, नव्या बुटासारखं.

पाचच्या सुमाराला ते पहिल्या पानावर आले. चौदावी ओळ आली.

"हे सोडू," तो म्हणाला.

"का? लिहिलंय ना त्याने? त्यालाही लिही."

त्याने ताईकडे पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती, एक डोळा मिटून.

"लिही," ती म्हणाली. "नमस्कार. आपलं पत्र मिळालं. उत्तराला सहा वर्षं लागली." त्याने लिहिलं. "मी बरी आहे. काम सुरू आहे. हात पहिल्यासारखाच चालतो." त्याने लिहिलं. दोरा नेढ्यात गेला, तिने तो ओढून गाठ मारली. "रोज चारला येणं यापुढे जमायचं नाही. खोलीत एक खुर्ची रिकामी असते. ऑफिस सुटलं की आपण इकडे यावं." ती थांबली. लेकीच्या हातातला फर्मा भिंतीशी तसाच राहिला होता. "विषय काय होता त्याचा?"

"चाचणी."

"तोच राहू दे. पाठव."

त्याने पाठवलं. खिशातला फोन थरथरला.

"पोचलं का बघ," ताई म्हणाली.

त्याने फोन काढला. अक्षरं नीट दिसायला जरा वेळ लागला. "पोचलं," तो म्हणाला.